वर्गातलं प्रत्येक मूल बोलतं करायचं तर: नव्या शिक्षकांसाठी, जून ते फेब्रुवारी

जूनमध्ये वर्ग हाती आला की पहिल्याच आठवड्यात एक यादी करा. हजेरीपटावरच्या प्रत्येक नावापुढे एवढंच लिहायचं: हे मूल आजवर चारचौघांत उभं राहून बोललंय का? मुलांनाच विचारा, ती खरं सांगतात. मी ही यादी पहिल्यांदा केली तेव्हा आठवीचा वर्ग होता, पटावर 55 मुलं होती आणि ‘हो’ फक्त सहा नावांपुढे लागलं. हीच सहा मुलं तिसरीपासून प्रत्येक 15 ऑगस्टला, प्रत्येक जयंतीला बोलत आली होती. बाकीची 49 सतरंजीवर बसून ऐकत आली होती. त्यांना कुणी बोलू नका म्हटलं नव्हतं. ‘कोण बोलणार?’ असं विचारलं की त्याच सहा जणांचे हात वर जायचे आणि आम्ही शिक्षक खूश व्हायचो.

नाशिक आणि आसपासच्या शाळांमध्ये मी बावीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली पहिली काही वर्षं मीही त्या सहा जणांनाच घासूनपुसून स्पर्धांना नेत होते. चषक मिळत होते. उरलेल्या मुलांचं आपण काय करतोय हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तुम्हाला तो पहिल्या वर्षीच पडावा म्हणून हे लिहिते आहे.

यादीनंतर लगेच: हे कशासाठी, ते स्वतःशी ठरवा

मुख्याध्यापक विचारतील, पालक विचारतील, अभ्यासक्रम संपत नाही म्हणून शेजारच्या वर्गावरच्या बाईही विचारतील. उत्तर तयार हवं.

परीक्षेचं उत्तर सोपं आहे. दहावीला भाषा विषयांत 80 गुण लेखी आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि त्यात श्रवण व भाषण येतं. पुढे कॉलेजात तोंडी परीक्षा येते, सेमिनार येतो, नोकरीची मुलाखत येते. पण केवळ एवढ्यासाठी रोज दहा मिनिटं द्या असं मी म्हणणार नाही.

माझं खरं कारण वेगळं आहे. भूगोलात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या एका मुलाला मी सहज विचारलं, पाऊस तर सप्टेंबरात थांबतो, मग जानेवारीत गोदावरीत पाणी कुठून येतं? त्याने जलचक्राची व्याख्या म्हणून दाखवली. मी म्हटलं, व्याख्या राहू दे, मला सांग. तो थांबला. मग हळूहळू बोलू लागला: डोंगरात मुरलेलं पाणी, झरे, गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी. बोलता बोलता त्यालाच दुसरा प्रश्न पडला, की धरण नसतं तर रामकुंड उन्हाळ्यात कोरडं पडलं असतं का? हा प्रश्न त्याच्या वहीत कुठेच नव्हता. समोर ऐकणारं माणूस असलं की सांगणाऱ्याला गोष्टींचा क्रम लावावा लागतो, समोरच्याच्या कपाळावर आठी पडली की मागे जाऊन पुन्हा सांगावं लागतं, आणि आपल्याला नक्की काय कळलेलं नाही ते त्याच क्षणी उघड होतं. शिकवताना आपल्याला रोज हा अनुभव येतो. तो मुलांनाही मिळाला पाहिजे.

जून-जुलै: रोज तीन मुलं, प्रत्येकी दीड मिनिट

आधी हिशेब. 55 मुलं, रोज तीन, म्हणजे 19 शालेय दिवसांत एक फेरा पूर्ण. प्रत्येकाचं दीड मिनिट आणि त्यावर एखादा प्रश्न धरला तरी दहा मिनिटांच्या आत आटपतं. परीक्षा, सहली, स्नेहसंमेलन वगळूनही वर्षात प्रत्येकाची सहा-सात वेळा पाळी येते. सात वेळा बोललेलं मूल आणि एकदाही न बोललेलं मूल, यात फार मोठं अंतर असतं.

पाळी हजेरी क्रमांकाने लावू नका. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला कायम आधी जावं लागतं आणि शेवटचा महिनाभर धास्तावतो. चिठ्ठ्याही नकोत, अचानक नाव निघालं की भित्रं मूल आणखी आक्रसतं. फळ्याच्या कोपऱ्यात उद्याची तीन नावं आजच लिहून ठेवा. रात्र हाताशी असली की बरीचशी भीती आपोआप उतरते.

पहिल्या फेऱ्यात उभंसुद्धा करू नका. जागेवर बसून, शेजारच्याकडे तोंड करून सांगायचं, वर्गाने ऐकायचं. दुसऱ्या फेऱ्यात जागेवर उभं राहून. तिसऱ्यात फळ्यापाशी येऊन. घाई करू नका, फळ्यापर्यंतची ती दहा पावलं काही मुलांना दोन महिने लागतात.

विषय एकच: मी पाहिलेलं. ‘माझा आवडता नेता’, ‘वृक्षतोड एक समस्या’, ‘मोबाइल शाप की वरदान’ हे विषय या टप्प्यावर पूर्ण बंद ठेवा. त्या विषयांवर मुलं दुसऱ्याची वाक्यं बोलतात, कारण त्यांच्याजवळ स्वतःचं असं काही नसतं. त्याऐवजी हे घ्या: बाबांची सातपूरची रात्रपाळी. बुधवारच्या बाजारातली आमची जागा. पंचवटीच्या मार्केट यार्डात पहाटे कोथिंबिरीची जुडी कशी विकली जाते. आजी रामकुंडावर काय करते. रिक्षा बंद पडली तो दिवस.

मखमलाबादकडून येणारी एक मुलगी वर्षभर खाली मान घालून बसायची. तिच्या पाळीला तिने द्राक्षबागेचं सांगितलं: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. थंडी वाढली की बाबा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि ती भावाबरोबर जागी राहते. वर्गातल्या शहरी मुलांना एकाच वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते हेच माहीत नव्हतं. प्रश्नांवर प्रश्न आले आणि तिचं दीड मिनिट सात मिनिटांवर गेलं. मी थांबवलं नाही. त्या दिवशी बाकी दोघांची पाळी उद्यावर गेली, एवढंच.

बोलीचं काय करायचं

यावर माझं मत पक्कं आहे आणि मी ते ठामपणे सांगते: बोलत्या मुलाला मध्ये थांबवून शब्द सुधारू नका. ‘व्हतं नाही, होतं म्हण’ या एका वाक्याने मूल वर्षभरासाठी गप्प होतं.

आपल्या जिल्ह्यात बागलाण-कळवण-मालेगावच्या बाजूने आलेल्या मुलांच्या तोंडी अहिराणी असते. सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी मुलांची बोली आणखी वेगळी. वसतिगृहात राहून शिकणारी मुलं घरी एक भाषा बोलतात, मित्रांत दुसरी आणि वर्गात तिसरी ऐकतात. पहिल्या फेऱ्यात त्यांना घरच्या भाषेत बोलू द्या. नंतर त्याच मुलाकडून वर्गाला चार शब्द शिकवून घ्या. ज्याची भाषा हसण्याचा विषय होती तो पाच मिनिटांसाठी वर्गाचा गुरू होतो, आणि हसणं तिथेच थांबतं.

प्रमाण भाषा शिकवायचीच आहे, तो आपला धर्मच आहे. पण ती वेगळ्या तासाला, सगळ्या वर्गाची एकत्र, कुणा एकाकडे बोट न दाखवता. ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘स’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांच्या जोड्या फळ्यावर लिहा आणि सगळ्यांनी मोठ्याने म्हणा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणं, दोन्हींतला ‘ज’ वेगळा, हे म्हणून दाखवा. मुलांना यात खेळासारखी गोडी लागते. मग कधी बोली आणि कधी प्रमाण भाषा, हे मूल स्वतः निवडतं. तशी निवड करता येणं हा भाषणातला मोठा भाग आहे.

अडखळत बोलणाऱ्या मुलाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असंही म्हणू नका, त्याने ताण वाढतो. त्याच्या डोळ्यांत बघत शांत थांबा आणि वर्गालाही तसंच थांबायला शिकवा. फार त्रास होत असेल तर पालकांशी एकांतात बोला आणि वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जायला सुचवा. आणि पाळी मात्र त्याची काढून घेऊ नका, त्यालाच विचारा: तुला आज बोलायचंय का, की माझ्यासमोर एकट्याने सांगायचंय?

1 ऑगस्ट: पहिलं व्यासपीठ

आता शाळेचं व्यासपीठ येतं. ‘सन्माननीय व्यासपीठ, अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथून सुरू होऊन शेंगांच्या टरफलांवरून जाऊन ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ इथे संपणारं भाषण तुम्हीही केलं असेल, मीही केलं आहे. त्यात एकच शब्द विसरला की सगळी साखळी तुटते. माझी एक विद्यार्थिनी अशीच मध्ये थांबली आणि रडत खाली आली. नंतर तिला जवळ घेऊन विचारलं, टिळकांना मंडालेला का पाठवलं होतं गं? तिला माहीत नव्हतं. भाषण मीच लिहून दिलं होतं. चूक माझी होती, तिची नव्हती.

तेव्हापासून मी मुलांना भाषण लिहून देणं बंद केलं. त्याऐवजी हा क्रम धरते.

आधी एक प्रश्न शोधायचा, ज्याचं उत्तर मुलाला स्वतःला हवं आहे. 1 ऑगस्टचंच घ्या. 1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले, आणि त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जन्मले. एकीकडे शाळा-कॉलेज काढणारा माणूस, दुसरीकडे जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेला आणि तरी मोठा लेखक झालेला माणूस. एका मुलाने यातून प्रश्न काढला: अण्णाभाऊ दीड दिवसात शाळेतून का निघाले? उत्तर शोधायला तो वाचनालयात गेला आणि जातीमुळे मुलांना शाळेत कसं वागवलं जायचं इथपर्यंत पोचला. तीन मिनिटांत टिळक फार थोडे आले, मला ते चाललं.

मग कागद मिटून ते मला तोंडी सांगायचं, जसं घरी सांगतो तसं. त्यातून जे नीट येतं ते भाषणाचा गाभा. जे आठवत नाही ते बहुधा त्याला कळलेलंच नसतं, ते पुन्हा वाचायचं किंवा सोडून द्यायचं.

त्यानंतर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त मुद्दे. पूर्ण वाक्यं दोनच लिहायची, पहिलं आणि शेवटचं. मधली वाक्यं दर सरावाला थोडी वेगळी आली तरी हरकत नाही, उलट वेगळी आली तर समजा की मूल विचार करत बोलतंय. लांबीचा अंदाज हवा असेल तर शांतपणे बोलणारं मूल मिनिटाला साधारण शंभर-एकशेवीस शब्द बोलतं. तीन मिनिटांना दोन मुद्दे पुरतात, तीन झाले की धावपळ होते.

मोबाइलवर तयार भाषणं ढिगाने मिळतात आणि पालक मायेपोटी ती उतरवून देतात. अशा वेळी मुलाला वर्गात फटकारू नका. कागद बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा: यातलं तुला सगळ्यात काय आवडलं? जे एक वाक्य तो सांगेल तिथून त्याचं भाषण सुरू करा.

सुरुवात कशी करायची, एक उदाहरण

पावसाळ्यात ‘पाणी’ हा विषय हमखास येतो. एका मुलाने लिहून आणलं होतं: ‘पाणी हे जीवन आहे. पाण्याशिवाय मानव जगू शकत नाही.’ खोटं काहीच नाही, पण ऐकणाऱ्याचं लक्ष पहिल्याच वाक्याला सुटतं. मी विचारलं, तुमच्या घरी पूर आला हे कसं कळतं? तो म्हणाला, आजी खिडकीतून कुणालाही ओरडून विचारते, दुतोंड्याला पाणी कुठवर लागलं?

हेच पहिलं वाक्य झालं. आपल्याकडे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हीच पुराची पट्टी. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, की जुन्या नाशकातल्या माणसांना कुठल्या गल्लीत पाणी शिरणार ते कळतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर मूर्ती डोक्यासकट बुडाली होती, ते त्या मुलाने स्वतः पाहिलं होतं. तिथून तो धरणातून सोडलेल्या पाण्यावर आला, मग काठावरच्या दुकानांवर, आणि शेवटी नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर. ‘पाणी हे जीवन आहे’ हे वाक्य त्याला म्हणावंच लागलं नाही.

शिक्षक म्हणून तुमचं काम इथे एवढंच: मुलाच्या मोठ्या वाक्याखाली त्याने पाहिलेली कुठली गोष्ट दडली आहे ते विचारत राहायचं. सिंहस्थावर बोलायचं असेल तर ‘लाखो भाविक’ म्हणू नको, तुझ्या दारासमोर काय बदललं ते सांग. कांद्याच्या भावावर बोलायचं असेल तर लासलगावच्या लिलावात तुझ्या काकांच्या ट्रॅक्टरपाशी काय झालं ते सांग.

आवाज, अंग आणि माइक

बोलण्याआधी छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात गार होतात. अंगात अॅड्रेनलीन वाढल्याने हे होतं आणि बोलायला लागल्यावर बहुतेकांचं हळूहळू ओसरतं, हे मुलांना विज्ञानाच्या भाषेत सरळ सांगा. ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने काहीच होत नाही. ‘हे सगळ्यांना होतं, मलाही होतं’ याने धीर येतो.

पाय थोडे अंतर ठेवून, दोन्हींवर सारखा भार. हात बाजूला, कागद एका हातात. बोलायच्या आधी एक श्वास पोट फुगेल असा घ्यायचा, समोरच्या शेवटच्या रांगेकडे पाहायचं, मग पहिलं वाक्य. हावभाव मुद्दाम शिकवू नका. प्रत्येक ‘स्वराज्य’ शब्दाला मूठ वर करणारी मुलं मी खूप पाहिली, ती मूठ त्यांची नसते.

आवाजासाठी शाळेचा व्हरांडा पुरतो. एका टोकाला बोलणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा. ऐकणाऱ्याने ऐकू आलेलं वाक्य परत म्हणून दाखवायचं. ओरडण्यापेक्षा शब्दांची शेवटची अक्षरं स्पष्ट म्हटली की लांबवर पोचतात, हे मुलांना दोन दिवसांत उमगतं. वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडण्याची सवय मराठी शाळांतल्या मुलांना फार असते आणि क्रियापद शेवटी असल्याने नेमका अर्थच हरवतो, त्यावर खास लक्ष द्या.

माइकचा सराव आदल्या दिवशी करून घ्या, कारण बरीच मुलं आपला मोठा झालेला आवाज ऐकूनच दचकतात. तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतर. फुंकर मारायची नाही, बोटाने ठोकायचं नाही. ‘प’, ‘फ’, ‘भ’ माइकमध्ये धप्पकन वाजतात, म्हणून माइक अगदी तोंडासमोर न धरता जरासा तिरका धरायचा. शिट्टी वाजू लागली तर माइक साउंड बॉक्सच्या समोर आलाय, दोन पावलं मागे सरकायचं. स्टँडची उंची पाचवीच्या मुलाला दहावीच्या मुलाएवढी ठेवलेली असते. ती खाली करायला एक मोठा विद्यार्थी तिथेच उभा करा.

अडकलं तर? आधीच ठरवून ठेवा आणि वर्गात दोनदा मुद्दाम तालीम करा: थांबायचं, कागदावर पाहायचं, पुढच्या मुद्द्यावर जायचं. माफी मागायची नाही. चार सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते, ऐकणाऱ्याला ती विचारपूर्वक थांबल्यासारखी वाटते.

ऐकणारे घडवणं, जे सगळे विसरतात

माझ्या मते अर्धं काम इथे आहे. बोलायला घाबरणारं मूल व्यासपीठाला घाबरत नाही, ते वर्गातल्या चार हसणाऱ्या चेहऱ्यांना घाबरतं.

आमच्या वर्गात नियम होता: टाळ्या नंतर, आधी प्रश्न. बोलणं संपलं की ऐकणाऱ्यांतल्या एकाने लक्षात राहिलेली एक गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने न कळलेल्या गोष्टीवर प्रश्न विचारायचा. ‘छान बोललास’ चालणार नाही, काय छान ते सांगायचं. शिक्षकाने सगळ्यात शेवटी बोलायचं, आणि एकच सूचना द्यायची. पाच सूचना दिल्या तर मूल पाचही विसरतं आणि बाई रागावल्या एवढंच लक्षात ठेवतं.

मतभेद आले की हा सराव कामी येतो. गंगापूर धरणाचं पाणी शेतीला किती आणि शहराला किती, यावर शहरातली आणि शेतकऱ्यांची मुलं एकाच वर्गात समोरासमोर आली तेव्हा मी एक अट घातली: आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगून दाखवायचं. पहिल्या दिवशी कुणालाच जमलं नाही. तिसऱ्या दिवशी वाद चांगला झाला.

मुलांना ऐकायला घेऊन जा

ज्याने चांगलं भाषण कधी ऐकलंच नाही त्याला बोलायला सांगणं अन्यायाचं आहे. नाशिककरांना यासाठी लांब जावं लागत नाही. दर मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते, तिने शंभरी ओलांडली आहे. संध्याकाळी उघड्यावर, काठावरचं वारं, समोर नियमित येणारे जुने श्रोते. सुट्टी असल्याने सगळा वर्ग येत नाही. आठ-दहा मुलं आली तरी पुष्कळ. 1840 पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे, तिथेही वर्षभर काही ना काही ऐकायला मिळतं.

जाताना मुलांना तीन कामं द्या: वक्त्याने सुरुवात कशाने केली, श्रोते कुठे चुळबुळले, आणि घरी जाऊन आईला यातलं काय सांगशील. तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकायचं.

आणि बोललेल्या शब्दाचं वजन शिकवायचं तर आपल्या जिल्ह्यासारखी जागा नाही. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. पाच वर्षं दलितांसाठी मंदिराचं दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. ते खरं करायला नागपूरची 14 ऑक्टोबर 1956 उजाडावी लागली. एकवीस वर्षं. मी दरवर्षी मुलांना पंचवटीत मंदिरासमोर उभं करून हे सांगते. परतताना मुलं गप्प असतात, आणि पुढच्या फेऱ्यात वचन, शब्द, खोटं बोलणं असे विषय कुणी न सांगता येतात.

स्पर्धेबद्दल थोडंसं

स्पर्धा वाईट नाहीत. तयारी झालेल्या मुलाला त्या अंगावर घेऊ देत. आशय, मांडणी, भाषा, उच्चार, सभाधीटपणा आणि वेळेचं भान, असे गुण बहुतेक ठिकाणी देतात. इशाऱ्याची घंटा आणि शेवटची घंटा यांतलं अंतर आधी विचारून घ्या आणि तेवढ्यात शेवट करायचा सराव घ्या. उत्स्फूर्त वक्तृत्वात चिठ्ठी उघडल्यावर मिळालेल्या मिनिटांत एकच अनुभव आणि एकच मत शोधायला शिकवा. शाळेची नावं पाठवताना दर वेळी एक नाव असं द्या जे याआधी कधी गेलेलं नाही. बक्षीस हुकेल कदाचित. मी हे केलं तेव्हा वरिष्ठांची नाराजी ओढवली, तुमच्यावरही येईल, तयारी ठेवा.

27 फेब्रुवारी: सगळ्यांचा दिवस

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. नाशकात तो आपल्या घरचा सण आहे. या दिवशी एका मोठ्या व्यासपीठावर पाच निवडक भाषणं ठेवण्याऐवजी पाच खोल्या घ्या. प्रत्येक खोलीत 11 मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं आणि एक प्रश्न, म्हणजे पाऊण तासात 55 मुलं बोलून होतात. माइक लागत नाही. सूत्रसंचालन, प्रास्ताविक, आभार हेही मुलांकडेच द्या. ज्या मुलांना अजून पूर्ण भाषण जमत नाही त्यांना चार वाक्यांचे आभार फार चांगले जमतात.

पालकांना चिठ्ठी पाठवा आणि दुपारच्या पाळीतल्या आईबाबांना जमेल अशी वेळ ठेवा. मखमलाबादच्या त्या मुलीचे वडील बागेतून तसेच आले होते, बाहीवर औषधाचे निळे डाग. ती त्या दिवशी बोलली ते ‘आमच्या बाबांना हिशेब कोण लिहून देतं’ यावर. हिशेब तीच लिहायची. वडील मागच्या बाकावर बसून ऐकत होते. प्रश्नाची वेळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि विचारलं, ‘या वर्षी आपल्याला किती उरले, ते सांग ना सगळ्यांना.’ तिने आकडा सांगितला, आणि तो कसा काढला तेही फळ्यावर मांडून दाखवलं.

मार्च उजाडला की जूनची ती यादी पुन्हा काढा. प्रत्येक नावापुढे आता ‘हो’ किंवा ‘नाही’ऐवजी त्या मुलाचे वर्षभराचे विषय लिहा: द्राक्षबाग, रिक्षा, दुतोंड्या, आजीची भांडी. ज्यांच्यापुढे अजून एकच विषय आहे त्यांच्या नावाखाली रेघ मारा, आणि कागद पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांच्या हातात स्वतः नेऊन द्या.